लिनक्सवर सॉफ्टवेअर घेताना कोणते साधन वापरावे : सीमाभागातील नवशिक्यांसाठी मार्गदर्शक

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारे अनेक चालते लॅपटॉप बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या घरांत आणि शाळांत तसेच राहिले. त्यांतल्या काहींवर आता उबंटू किंवा लिनक्स मिंट बसवले जाते. अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलांची लिनक्सशी गाठ प्रयोगशाळेतच पडलेली असते. पण घरच्या यंत्रावर लिनक्स बसवल्यानंतर पहिल्याच आठवड्यात सगळ्यांसमोर एकच प्रश्न उभा राहतो : सॉफ्टवेअर कोठून घ्यायचे आणि कशाने बसवायचे? विंडोजवर संकेतस्थळ शोधून सेटअपची फाईल उतरवण्याची सवय झालेली असते, आणि येथे मात्र एकाच ब्राउझरसाठी चार-पाच निरनिराळे मार्ग सुचवले जातात.

या लेखाचा रोख डेबियनच्या कुटुंबावर, म्हणजे डेबियन, उबंटू आणि मिंट यांच्यावर आहे, कारण नवशिक्यांच्या हाती बहुधा यांपैकीच एक असते. कमांड वाचण्याच्या सोयीसाठी देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहिण्याच्या खिडकीत, त्या इंग्रजीच्या लहान लिपीत लिहाव्यात. «सुडो» (पुढची कमांड प्रशासकाच्या अधिकाराने चालवणारा शब्द) म्हणजे एस-यू-डी-ओ आणि «अ‍ॅप्ट» म्हणजे ए-पी-टी, एवढे एकदा लक्षात घेतले की बाकीचे शब्द सरळ इंग्रजीच आहेत.

पहिली पायरी : आपल्या यंत्रावर कोणते कुटुंब आहे ते पाहणे

पॅकेज व्यवस्थापक, म्हणजे सॉफ्टवेअरचे बांधलेले संच (पॅकेजे) आणणारे, बसवणारे आणि काढणारे साधन, ही स्वतंत्रपणे निवडण्याची वस्तू नाही. तो वितरणाबरोबरच, म्हणजे उबंटू किंवा मिंटसारख्या लिनक्सच्या तयार रूपाबरोबरच, येतो. डेबियन, उबंटू आणि मिंटवर तो अ‍ॅप्ट असतो, फेडोरावर डीएनएफ, आर्चवर पॅकमन आणि ओपनसुसेवर झिपर. फेडोरासाठी लिहिलेली कमांड मिंटवर चालत नाही, आणि ती चालावी म्हणून डीएनएफ मिंटवर बसवू पाहणे हा नसता खटाटोप आहे. म्हणून आंतरजालावरील कोणतीही सूचना पाळण्यापूर्वी सेटिंग्जमधील यंत्राच्या माहितीच्या पानावर वितरणाचे नाव आणि आवृत्ती पाहून कागदावर लिहून ठेवावी. मिंट २२ हे उबंटू २४.०४ वर उभे आहे, ही जोडीही टिपून ठेवावी, कारण बाहेरचे सॉफ्टवेअर घेताना पुष्कळदा उबंटूचीच आवृत्ती विचारली जाते.

दुसरी पायरी : एकाच कुटुंबातील साधनांची कामे वेगळी करणे

नवशिक्याचा खरा गोंधळ येथे होतो. डीपीकेजी, अ‍ॅप्ट, अ‍ॅप्ट-गेट, सिनॅप्टिक, सॉफ्टवेअर मॅनेजर ही नावे एकमेकांची प्रतिस्पर्धी असल्यासारखी वाटतात. प्रत्यक्षात ती एकाच गोदामाची निरनिराळी दारे आहेत. सिनॅप्टिकमधून बसवलेले पॅकेज अ‍ॅप्टने काढता येते आणि अ‍ॅप्टने बसवलेले सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये दिसते, कारण सर्वांची नोंदवही एकच आहे.

सर्वांत तळाशी डीपीकेजी असते. डेब प्रकारची फाईल उघडून तिच्यातील वस्तू जागच्या जागी ठेवणे आणि त्यांची नोंद करणे एवढेच तिचे काम. त्या पॅकेजला आणखी दहा पॅकेजे लागत असतील तर ती कोठून आणावीत, हे तिला ठाऊक नसते. ती फक्त तक्रार करून थांबते. ही उणीव अ‍ॅप्ट भरून काढते. वितरणाच्या भांडाराची, म्हणजे आंतरजालावरील त्याच्या पॅकेजांच्या अधिकृत साठ्याची, यादी वाचणे, लागणारी सर्व पॅकेजे शोधणे, त्यांची डिजिटल स्वाक्षरी तपासणे आणि योग्य क्रमाने ती डीपीकेजीच्या हवाली करणे हे तिचे काम. अ‍ॅप्ट-गेट ही जुनी कमांड १९९८ पासूनची आहे, आणि त्याच यंत्रणेवर चालणारी, माणसाला वाचायला सोपी अशी अ‍ॅप्ट ही कमांड २०१४ मध्ये आली. रोजच्या वापरासाठी अ‍ॅप्ट घ्यावी. स्क्रिप्टमध्ये (आपोआप चालणाऱ्या कमांडांच्या फाईलमध्ये) घालायचे असेल तर अ‍ॅप्ट-गेट, कारण तिचे वागणे आवृत्तीगणिक बदलत नाही. दोहोंत आणखी एक बारीक फरक आहे, तो पुढे पेनड्राइव्हच्या संदर्भात उपयोगी पडेल.

चित्रमय साधनांपैकी मिंटचा सॉफ्टवेअर मॅनेजर आणि उबंटूचे अ‍ॅप सेंटर ही नाव ठाऊक असलेले एखादे अ‍ॅप पटकन बसवण्यासाठी ठीक आहेत. परंतु फॉन्ट, भाषा-फाईल, लायब्ररी (इतर प्रोग्रामना लागणारा तयार कोड) अशा गोष्टी तेथे धड सापडत नाहीत. त्यासाठी सिनॅप्टिक हे दिसायला जुनाट पण अत्यंत कामाचे साधन बसवून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात पॅकेजचे वर्णन, त्याला लागणाऱ्या इतर पॅकेजांची यादी आणि उतरवायच्या फाईलचा आकार एकाच ठिकाणी दिसतो, आणि पॅकेजचे नेमके नाव पाठ नसलेल्या माणसाला शोधता शोधता बरेच काही शिकता येते.

तिसरी पायरी : अ‍ॅप्टचा नित्यक्रम

«सुडो अ‍ॅप्ट अपडेट» ही कमांड काहीही अद्ययावत करत नाही. ती फक्त भांडाराची ताजी यादी आणते. «सुडो अ‍ॅप्ट अपग्रेड» ही त्या यादीनुसार बसवलेली पॅकेजे नवी करते, मात्र त्यासाठी आधीचे एखादे पॅकेज काढावे लागणार असेल तर ते नवे करणे बाजूला ठेवते. «फुल-अपग्रेड» हे असे काढण्यालाही मागेपुढे पाहत नाही, म्हणून ते विचारपूर्वक वापरावे.

नवे काही बसवण्यासाठी «सुडो अ‍ॅप्ट इन्स्टॉल» लिहून पुढे पॅकेजचे नाव द्यावे. त्यानंतर पडद्यावर येणारा मजकूर न वाचता वाय दाबण्याची सवय पहिल्या दिवसापासून टाळावी. त्या मजकुरात बरोबर येणाऱ्या पॅकेजांची नावे, किती एमबी उतरवावे लागेल आणि बसवल्यावर डिस्कवर किती जागा व्यापली जाईल हे सर्व असते. रोज दीड-दोन जीबी मोबाईल डेटावर हॉटस्पॉट लावून काम करणाऱ्याला हे आकडे आधीच कळतात. त्यातच जी पॅकेजे काढली जाणार आहेत त्यांची वेगळी यादी असते, आणि खरा धोका तिच्यात असतो. एखादा लहानसा प्रोग्राम बसवताना डेस्कटॉपच काढण्याचा प्रस्ताव तेथे दिसला, तर एन दाबून थांबावे आणि कारण शोधावे. डेबियन १३ बरोबर आलेल्या अ‍ॅप्ट ३.० मध्ये काढली जाणारी पॅकेजे लाल रंगात दाखवली जातात.

काढून टाकण्यासाठी «रिमूव्ह» आहे. व्यवस्थेच्या पातळीवरील संरचना-फायलींसह काढायचे असेल तर «पर्ज». घरच्या फोल्डरमधील आपल्या स्वतःच्या सेटिंग्जना दोन्ही हात लावत नाहीत. कोणाच्याच उपयोगाची न राहिलेली पॅकेजे «ऑटोरिमूव्ह» काढते, पण तिचीही यादी वाचूनच होकार द्यावा.

चौथी पायरी : मराठी आणि कन्नड, दोन्हींची सोय

आपल्या भागात यंत्राला दोन्ही लिपी याव्याच लागतात. घरचा पत्रव्यवहार आणि शाळेचे काम मराठीत, तर जमिनीचा उतारा, तहसील कार्यालयाची नोटीस आणि बरेचसे सरकारी अर्ज कन्नडमध्ये असतात. अ‍ॅप्टचा सराव करण्यासाठी याहून चांगले निमित्त नाही, कारण यातले जवळजवळ सर्व वितरणाच्या भांडारातच आहे.

फॉन्टसाठी सिनॅप्टिकमध्ये लोहित हा शब्द शोधावा. देवनागरी आणि कन्नड यांची स्वतंत्र पॅकेजे दिसतील. लिब्रेऑफिसचे मेनू मराठीत हवे असतील तर त्याचे मराठी भाषा-पॅकेज वेगळे घ्यावे लागते, कन्नडचेही तसेच. टायपिंगच्या बाबतीत मात्र काही बसवण्यापूर्वी कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये पाहावे. इनस्क्रिप्ट येणाऱ्याला पॅकेज लागतच नाही, केवळ मराठी मांडणी जोडायची असते. त्याच यादीत भारतीय भाषांखाली कगप नावाची उच्चाराधारित मांडणी कन्नडसाठीही आहे आणि मराठीसाठीही. ती कन्नड गणक परिषत्तूच्या नावाने ओळखली जाते, आणि नुडी हे कन्नड टायपिंगचे सॉफ्टवेअरही याच संस्थेचे. त्यामुळे नुडीवर बोटे बसलेल्या आपल्याकडील टायपिस्टला मराठीही त्याच वळणाने लिहिता येते. इंग्रजी स्पेलिंगने मराठी उमटवण्याची सवय असणाऱ्यांनी आयबस-एम१७एन हे पॅकेज घ्यावे, आणि नंतर एकदा लॉगआउट करून पुन्हा आत यावे, अन्यथा यादीत नवी भाषा दिसत नाही आणि पॅकेजच बिघडल्याचा समज होतो.

छापील कन्नड कागदाचे स्कॅन मजकुरात बदलायचे असेल तर टेसरॅक्ट आणि त्याची कन्नड व मराठी भाषा-पॅकेजे भांडारात आहेत. कमांडमध्ये भाषेच्या जागी के-ए-एन आणि एम-ए-आर ही संक्षिप्त नावे अधिकचे चिन्ह घालून जोडली, की एकाच पानावरील दोन्ही लिपी वाचल्या जातात. हस्तलिखित फेरफार-नोंदींकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नये. नुडी किंवा श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फायलींचा प्रश्न पॅकेज व्यवस्थापकाच्या कक्षेबाहेरचा आहे. त्या आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्याव्या लागतात, आणि कोणतेही पॅकेज बसवून त्या आपोआप वाचता येत नाहीत.

पाचवी पायरी : भांडाराबाहेर केव्हा जावे

वितरणाच्या भांडारात जे आहे ते अ‍ॅप्टनेच घ्यावे, हा मूळ नियम. तो सोडण्याची दोनच सबळ कारणे असतात : हवे ते सॉफ्टवेअर तेथे नसणे, किंवा तेथील आवृत्ती आपल्या कामासाठी खरोखर जुनी असणे. केवळ नवा आकडा दिसतो म्हणून बाहेर जाऊ नये. दीर्घ आधाराच्या उबंटू आवृत्तीत पॅकेजांचे आकडे मुद्दामच स्थिर ठेवलेले असतात आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याच आवृत्तीत घातल्या जातात, त्यामुळे जुना आकडा म्हणजे असुरक्षित पॅकेज असे समीकरण नसते.

बाहेर जायचेच ठरले तर मिंटवर फ्लॅटपॅक हा पहिला पर्याय मानावा. त्याची सोय तेथे आधीच केलेली असते, आणि सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये एखाद्या प्रोग्रामच्या पानावर व्यवस्थेचे पॅकेज की फ्लॅटपॅक असा पर्यायही मिळतो. फ्लॅटपॅकमधील प्रोग्राम आपल्याला लागणारा पायाभूत संच, ज्याला रनटाइम म्हणतात, तो स्वतंत्रपणे आणतो. त्यामुळे वितरण जुने असले तरी प्रोग्राम ताजा मिळतो आणि उर्वरित व्यवस्थेला धक्का लागत नाही. किंमत डेटात मोजावी लागते : प्रोग्राम लहान असला तरी पहिल्या वेळी रनटाइमसह शेकडो एमबी उतरू शकतात. पुढचा प्रोग्राम तोच रनटाइम वापरणारा निघाला तर भार बराच कमी होतो. म्हणून फ्लॅटपॅक घेण्याचे काम महाविद्यालयातील किंवा शहरातील ब्रॉडबँडवर उरकावे. जांबोटी-कणकुंबीकडच्या गावात मोबाईलच्या एका कांडीवर ते सुरू करू नये. मिंट २२ पासून ज्यांच्या प्रकाशकाची खातरजमा झालेली नाही अशी फ्लॅटपॅक मुळात यादीतून लपवलेली असतात. ती दाखवण्याची सेटिंग सापडते, पण नवशिक्याने ती आहे तशीच राहू द्यावी.

उबंटूवर याच जागी स्नॅप असतो. फायरफॉक्स तेथे २२.०४ या आवृत्तीपासून स्नॅपच्या रूपात येतो, आणि अ‍ॅप्टने फायरफॉक्स मागितला तरी हाती स्नॅपच पडतो, हे ठाऊक नसल्याने अनेकजण गोंधळतात. मिंटने उलट भूमिका घेतली : मिंट २० पासून अ‍ॅप्टमार्फत स्नॅपची यंत्रणा नकळत बसू नये अशी तजवीज तेथे आहे आणि फायरफॉक्स डेब स्वरूपातच दिला जातो. स्नॅपचा गुण हा की तो स्वतःच अद्ययावत होत राहतो. मर्यादित डेटावर नेमका तोच त्रास ठरतो. «सुडो स्नॅप रिफ्रेश --होल्ड» या कमांडने हे आपोआप होणे थांबवता येते. मात्र थांबवले असेल तर चांगले नेट मिळेल तेव्हा स्वतः आठवणीने रिफ्रेश करावे, कारण ब्राउझर जुना राहणे हा खरा धोका आहे.

अ‍ॅपइमेज ही एकच फाईल असते. गुणधर्मांत जाऊन तिला चालवण्याची परवानगी दिली की झाले. पेनड्राइव्हवर नेता येते हा तिचा फायदा, आणि सर्वसाधारणपणे आपोआप अद्ययावत होत नाही हा तोटा. उबंटू २२.०४ आणि पुढच्या आवृत्त्यांवर ती उघडेनाशी झाली तर बहुधा लिबफ्यूज२ हे पॅकेज नसते. ते अ‍ॅप्टने घ्यावे.

सहावी पायरी : संकेतस्थळावरून आलेली डेब फाईल

क्रोम किंवा व्हीएस कोड यांसारखे काही प्रोग्राम कंपन्या डेब फाईलच्या रूपात देतात. अशी फाईल डीपीकेजीने बसवण्याऐवजी, ती ज्या फोल्डरमध्ये आहे तेथे टर्मिनल उघडून «सुडो अ‍ॅप्ट इन्स्टॉल ./फाईलचे-नाव» असे लिहावे, सुरुवातीचा टिंब आणि तिरकी रेघ आवश्यक आहे, अन्यथा अ‍ॅप्ट त्या नावाचे पॅकेज भांडारात शोधू लागते. या मार्गाने लागणारी इतर पॅकेजेही बरोबर येतात.

भांडारातील पॅकेजांची स्वाक्षरी अ‍ॅप्ट तपासते. हाताने उतरवलेल्या फाईलच्या बाबतीत ती जबाबदारी आपली. म्हणून फाईल निर्मात्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावी, व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी पाठवलेली घेऊ नये. पीपीए (उबंटूसाठी व्यक्ती किंवा गट चालवतात ती छोटी भांडारे) आणि इतर बाहेरची भांडारे जोडण्याबाबत तर हात आखडताच ठेवावा, कारण एकदा जोडलेले भांडार दर अपग्रेडच्या वेळी आपल्या यंत्रावर प्रशासकाच्या अधिकाराने काहीही बसवू शकते. आंतरजालावरची स्क्रिप्ट थेट सुडोच्या हाती देणारी एक ओळीची कमांड दिसली, तर नवशिक्याने ती वापरू नये.

पायथन शिकणाऱ्यांसाठी

विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या महाविद्यालयांतील मुलांना हा अडथळा हमखास येतो. पिपने, म्हणजे पायथनच्या स्वतःच्या पॅकेज-साधनाने, एखादी लायब्ररी बसवायला गेल्यास डेबियन १२, उबंटू २४.०४ किंवा मिंट २२ वर नकार मिळतो आणि हे वातावरण बाहेरून व्यवस्थापित आहे अशा अर्थाचा संदेश येतो. तो बिघाड नाही. व्यवस्थेचे पायथन अ‍ॅप्टच्या ताब्यात असते, त्यात पिपने ढवळाढवळ करू नये म्हणून ही आडकाठी घातलेली आहे. नमपाय, पांडाज यांसारख्या नेहमीच्या लायब्ररी पायथन३ हा शब्द नावाआधी लावून अ‍ॅप्टनेच मिळतात. बाकीच्यांसाठी पायथन३-व्हेन्व्ह हे पॅकेज घेऊन प्रत्येक प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये वेगळे वातावरण तयार करावे आणि पिप त्याच्या आत चालवावी. त्या संदेशाच्या शेवटी आडकाठी जबरदस्तीने मोडणारा पर्यायही सुचवलेला असतो. मित्राने सांगितले तरी तो वापरू नये.

वीज आणि नेट यांचा हिशेब

पावसाळ्यात, विशेषतः खानापूर तालुक्याच्या घाटाकडील भागात, वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. अपग्रेडमध्ये उतरवणे आणि बसवणे असे दोन टप्पे असतात. पहिल्यात वीज गेली तर फारसे बिघडत नाही, दुसऱ्यात गेली तर पॅकेजे अर्धवट राहतात. हे टप्पे वेगळे करता येतात. «--डाउनलोड-ओन्ली» हा पर्याय लावून आधी फक्त उतरवून घ्यावे आणि बॅटरी भरलेली असताना किंवा यूपीएस शाबूत असताना बसवावे. तरीही मध्येच यंत्र बंद पडलेच, तर पुन्हा सुरू करून «सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए» आणि त्यानंतर «सुडो अ‍ॅप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल» चालवावे. बहुतेक वेळा गाडी रुळावर येते. कुलूप मिळत नाही अशा अर्थाचा संदेश आला, तर दुसरे एखादे साधन, बहुधा पार्श्वभूमीवर चालणारे अपडेट, त्या वेळी काम करत असते. कुलपाची फाईल खोडण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो. तो न मानता काही मिनिटे थांबावे.

नेट नसलेल्या यंत्रासाठी पॅकेजे पेनड्राइव्हवर न्यायची असतील तर अ‍ॅप्ट आणि अ‍ॅप्ट-गेट यांतील मघाचा फरक कामी येतो : अ‍ॅप्ट काम झाल्यावर उतरवलेल्या डेब फाईल पुसून टाकते, अ‍ॅप्ट-गेट त्या व्हार फोल्डरातील कॅशमध्ये ठेवते. मात्र ती फक्त आपल्या यंत्रावर नसलेलीच पॅकेजे आणते, दुसऱ्या यंत्रावर कशाची उणीव आहे हे तिला कळत नाही. त्यामुळे दोन्ही यंत्रांवर तेच वितरण आणि तीच आवृत्ती असेल तरच हा मार्ग धरावा. अधिक नीटस उपाय अ‍ॅप्ट-ऑफलाइन हा आहे : नेट नसलेल्या यंत्रावर तो गरजेची यादी बनवतो, नेट असलेल्या यंत्रावर त्यानुसार फाईल उतरवतो आणि परत आल्यावर त्या जागी लावतो.

शाळेच्या संगणक-कक्षात वीसेक यंत्रे असतील तर प्रत्येकाने तेच पॅकेज वेगळे उतरवणे हा डेटाचा निव्वळ अपव्यय आहे. एका यंत्रावर अ‍ॅप्ट-कॅशर-एनजी बसवावे आणि इतरांच्या अ‍ॅप्टच्या संरचनेत त्या यंत्राचा पत्ता व ३१४२ हा पोर्ट प्रॉक्सी (मधला दुवा) म्हणून लिहावा. पहिल्या यंत्राने मागवलेले पॅकेज मग बाकीच्यांना आतल्याआत मिळते. सुरक्षित जोडणीने येणारी बाहेरची भांडारे यात साठवली जात नाहीत, त्यामुळे कक्षातील सॉफ्टवेअर शक्यतो वितरणाच्या भांडारातूनच निवडावे.

यंत्र सुस्थितीत असतानाच «अ‍ॅप्ट-मार्क शोमॅन्युअल» ही कमांड चालवून स्वतः मागून बसवलेल्या पॅकेजांची यादी एका फाईलमध्ये घ्यावी, फ्लॅटपॅक वापरत असल्यास «फ्लॅटपॅक लिस्ट»चीही घ्यावी, आणि दोन्ही फाईल यंत्राबाहेर ठेवाव्यात. मिंटवर मोठ्या अपग्रेडपूर्वी टाइमशिफ्टचा एक स्नॅपशॉटही घ्यावा. तो व्यवस्थेच्या फायली जपतो, आपली कागदपत्रे नव्हे, त्यामुळे घरच्या फोल्डरची प्रत वेगळ्या डिस्कवर काढणे त्याने टळत नाही.